किडीचा वाटा

मी कीड पोसते.
मांजरीच्या शेडमध्ये रॅकवर ओळीनं लाल भोपळे.
देठाला धरून उचलायचे नाहीत,
तान्ह्याच्या मानेखाली घालतात तसा खालून हात.
त्यांच्यावर पिठ्या ढेकूण सोडायचा.
महिनाभरात भोपळा पांढरा,
पिठात लोळवल्यासारखा.
मग भुंगेरे सोडायचे. ते पिठ्या खातात,
त्यांची पोरंही पिठ्याच खातात.
शत्रू आधी वाढवायचा, मित्र त्याच्या जिवावर.
मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' पुढं
मी 'शेती' लिहिते. कोण समजावत बसणार.

सप्टेंबरात दिवेघाट चढून गेले,
मांडीवर खोका, खोक्यात हजारभर भुंगेरे,
तांबड्या डोक्याचे, मसुराएवढे.
कंडक्टर म्हणाला, मिठाई का? म्हटलं, तशीच.
वनपुरीच्या उतारावर दिनकर कामठ्यांची सीताफळं.
उन्हं कलल्यावर झाडागणिक पाच-सहा सोडले.
सांगितलं: महिनाभर फवारा नाही,
बुंध्याला चिकटपट्टी लावा, मुंग्या चढू देऊ नका,
मुंग्या पिठ्याच्या गवळणी, गोड रसासाठी त्याला राखतात.
एक गोष्ट सांगायची राहिली.

सतराव्या दिवशी फोन.
"ताई, तुमच्या भुंगेऱ्यांनी काही केलं नाही.
उलट कीड मोठी झाली. केसाळ झाली. पळायला लागली.
पहाटेच पंप मारला."

पिठ्या पळत नाही.
पळत होती ती माझी पोरं.
भुंगेऱ्याची अळी तेच पांढरं पांघरते,
शत्रूचा सदरा घालून शत्रूच्याच पंगतीत जेवते.
मुंगीला ओळखू येत नाही,
तर पहाटे, बॅटरीच्या उजेडात, चष्म्याविना
माणसाला कशी यावी.
आणि हेच तर सांगायचं राहिलं होतं.

गेले. झाडाखाली पांढरा सडा.
काडीनं एकेक उलटी करून बघितली. सगळी माझी.
आणि पिठ्या? सीताफळाच्या दोन डोळ्यांमधल्या खाचेत,
मेणाखाली, औषध पोचत नाही तिथं
आरामात.

ओरडणार होते. कुणावर, ते ठरेना.
कामठ्यांच्या खांद्यावर पंपाच्या पट्ट्याचा वळ होता.
सुलभावहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या,
तीन वर्षांमागं फवारलं नसतं
तर सासवडच्या बाजारात एक क्रेट उतरला नसता,
थोरलीची फी त्या औषधानंच भरली.
खोटं नव्हतं ते.
आणि त्याच दमात: पण त्या साली फळं वाकडी धरली, बाई,
एका अंगानं डोळे मिटलेली.
फुलात शिरणारे बारीक भुंगेही गेले असावेत,
मी म्हटलं. त्यांनी साखर जास्त घातली.

कामठ्यांनी विचारलं,
"समजा तुमच्यांनी सगळी कीड संपवली. मग खाणार काय?"
"एकमेकांची पोरं. नाहीतर उडून जातील."
"कुठं?"
ओढ्याकडं बघितलं. हा परमुलखातला भुंगेरा
तिथं आणखी कुणाला खाईल
हे मलाही पुरतं ठाऊक नाही,
असं म्हणू नये, असं शेडमध्ये शिकवतात.
म्हटलं.

ते बराच वेळ बुंध्याशी उकिडवे बसून राहिले.
"म्हणजे थोडी कीड ठेवावी लागणार."
"थोडी."
"थोडी म्हणजे किती, ते सांगा की."
मला भोपळ्यांचा हिशेब येतो. हा येत नाही.

पुढच्या खेपेला
ओढ्याकडच्या कडेच्या झाडाला
वहिनींच्या जुन्या पातळाची निळी चिंधी.
"हे त्यांचं बलुतं," कामठे म्हणाले. "ह्याला पंप नाही."
खोका अजून उघडला नव्हता,
तरी चिंधीच्या गाठीवरून
एक पांढरी, केसाळ, घाईघाईनं चालली होती.
त्यांनी खिशातून चष्मा काढला,
सदऱ्याला पुसला,
आणि वाकले.